निळ्याखाली

फॉर्मवर रकाना होता : विशेष कौशल्य.
मी लिहिलं, काजू सोलणे.
तरी घेतलं.
छातीवर क्रमांक लावला दोनशे सतरा
आणि सांगितलं, तुम्ही समुद्र.

सागरी खेळांचं उद्घाटन, देशभरातून पोरं येणार पोहायला,
आणि समुद्र म्हणजे आम्ही चौसष्ट जण,
नव्वद फूट निळं कापड,
पुण्याहून आलेल्या नेत्रा मॅडम.
गळ्यात शिट्टी, पायांत पांढरे बूट,
आठपर्यंतच मोजतात,
नवाला पुन्हा एक.

"पाचला उचला. सातला सोडा.
आठला लाट मधोमध फुटेल."

दाजी केळुसकरानं हात वर केला,
चाळीस वर्षं रापण ओढलेला हात.
"मधी फुटत नाय, बाय.
काठाक येवन फुटता."
मॅडम हसल्या. म्हणाल्या, काका, कॅमेरा मधोमध आहे.
दाजी घरी जाईस्तोवर कुरकुरला,
पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांआधी हजर,
आणि सोडायचा बरोब्बर सातला.

महिनाभर कारखान्यातून थेट कॅम्पाच्या मैदानावर.
नळावर पाय धुवायचे, डबा तिथंच.
टरफलाच्या तेलानं बोटं काळी पडतात,
राख, लिंबू, रॉकेल, काही लागू पडत नाही.
निळ्यावर माझे ठसे उमटले
तेव्हा मॅडमनी हातमोजे आणले.
पांढरे. सगळ्यांनाच.

शेजारच्या पकडीवर, दोनशे अठरा,
पतपेढीतले रेडकर.
हो, तेच.
जामीनदार आणा, सातबारा आणा,
पुढच्या सोमवारी या.
मोजे चढवताना त्यांनी मला ओळखलं नाही,
किंवा ओळखलं.

उद्घाटनाला पाहुणे दोन तास उशिरा.
आम्ही उकिडवे, कापडाखाली,
कारण समुद्र आधी दिसता कामा नये.
वर दिवे, आत निळा काळोख,
रांजणाच्या तळाशी बसल्यासारखा.
इस्पेरान्सनं कमरेच्या पिशवीतून खडखडे लाडू काढला,
एक लाडू सहा जणांत, मोजे न काढता.
कुणीतरी घोरत होतं.
शाळेतल्या परुळेकर बाई
लघवीला लागली म्हणून रडकुंडीला आलेल्या.
आणि रेडकर हळूच म्हणाले,
"माझं मोजणं चुकतं हो. चारानंतर काही सुचत नाही."
आयुष्यभर आकड्यांत बसलेला माणूस.
मी म्हटलं, माझ्या पायाकडे बघा.
अंगठा दाबला की उचला.

मग ढोल.
पाचला उचललं.
सहाला बंदराकडून वारा आला,
तालमीत एकदाही न आलेला,
कापडात शिरला आणि आम्हालाच घेऊन वर गेला.
टाचा सुटल्या माझ्या.
सात गेला. आठ गेला.
कुणी सोडलं नाही.
"धरून ऱ्हवा," दाजी ओरडला, "धरून ऱ्हवा रे,
मी सांगतंय तेव्हा!"
मॅडमची शिट्टी कुठल्या कुठे,
आम्ही त्याच्या आवाजामागून धावलो,
लाट काठाला नेली
आणि फोडली तिथं,
जिथं कॅमेरा नव्हता.

टीव्हीवर अकरा सेकंद.
मधोमध नुसतं मैदान,
कडेला काहीतरी निळं आलं आणि गेलं,
मग साबणाची जाहिरात.
सासूबाईंनी चष्मा लावून विचारलं,
"ह्याच्यात तू खंय गो?"
मी निळ्यावर बोट ठेवलं. कुठंही.
त्यांनी काळं बोट पाहिलं,
म्हणाल्या, "हां, हां, दिसलंस."

सोमवारी पतपेढीत गेले.
एक सही अजून कमीच होती.
रेडकरांनी कागद उलटले, सुलटे केले,
शिक्का उचलला, तसाच ठेवला.
बोलले काहीच नाही.
खुर्ची जरा मागं सारून
टेबलाखालून
माझ्या अंगठ्याकडे बघत राहिले.